मिक्स्ड झोन, दोन नंबरची ट्राम आणि चक्क्याचं चॉकलेट

मागच्या अंकात ओघात लिहून गेले की 2023 च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टला वर्ल्ड अॅथलेटिक्स चॅम्पियनशिपला मी मीडियाच्या कामाला होते, आणि त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतेय. ज्यांनी सासूबद्दल विचारलंय त्यांनी जरा धीर धरा, सासू कुठे पळून जात नाही.

प्रश्न : ताई, तुमचं तिथे नक्की काम काय होतं? स्टेडियममध्ये बसून स्पर्धा बघायची आणि वर पैसे घ्यायचे, म्हणजे चैनच की!
– एक वाचक, सातारा

उत्तर : चैन होती, पण तुम्हाला वाटतेय ती नाही. माझी ड्यूटी मिक्स्ड झोनमध्ये. म्हणजे ट्रॅकवरून आत जाताना खेळाडूला ज्या बॅरिकेडच्या वाकड्यातिकड्या गल्लीतून जावंच लागतं ना, ती. पंढरपूरची दर्शनबारी डोळ्यासमोर आणा, फक्त इथे देव चालत येतो आणि लोक दोन्ही बाजूंना उभे. आधी टीव्हीवाले कारण त्यांनी हक्कांचे पैसे मोजलेत, मग रेडिओ, आणि सगळ्यात शेवटी लिहिणारे. आम्ही त्या माणसाकडून दोन वाक्यं घ्यायची, लगेच टाइप करायची आणि सिस्टिमला चढवायची, म्हणजे वर बसलेल्या पत्रकाराला खाली न उतरता ती वापरता येतात. याला फ्लॅश कोट म्हणतात.

आणि गंमत म्हणजे रेस चालू असते तेव्हा तुम्ही स्टँडच्या पोटात असता. डोक्यावर 35 हजारांच्या आसपास माणसं पाय आपटतायत आणि तुम्ही भिंतीवरच्या टीव्हीत बघताय, त्यातही गर्जना वरून आधी येते आणि चित्र मागनं. नऊ दिवसांत मी उघड्या डोळ्यांनी ट्रॅक मोजून दीड-दोन तास बघितला असेल, त्यातला अर्धा तास तर रिकाम्या स्टेडियमचा.

पहिल्याच रात्री, 19 ऑगस्टला, महिलांच्या 10,000 मीटरमध्ये सिफान हसन अगदी फिनिशजवळ पडली, आणि तासाभरात मिक्स्ड रिलेमध्ये फेमके बोल लाइनच्या चार पावलं अलीकडे पडली. दोघी नेदरलँड्सच्या. अशा वेळी समोर येणाऱ्या पोरीला काय विचारणार हो? कसं वाटतंय? मी ते विचारलं नाही, नुसता रेकॉर्डर पुढे धरून उभी राहिले, आणि नऊ दिवसांत एवढं एकच शिकले की गप्प राहिलं की माणूस आपणहून बोलतो. पळून आलेला माणूस पहिली दोन मिनिटं तसाही बोलत नाही, गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडे बघत असतो, शेजारी डोपिंग टेस्टसाठी नेमलेला माणूस सावलीसारखा उभा. शेवटच्या रात्री हीच बोल महिलांच्या 4 बाय 400 रिलेमध्ये शेवटचा लॅप पळत होती, पुढे जमैका आणि ब्रिटन, आणि तिने लाइनवर दोघींना गाठलं. तेव्हा मात्र आमच्या तळघरात टायपिंग सोडून सगळे ओरडत होते, मीपण.

प्रश्न : अविनाश साबळे बुडापेस्टला फायनलला का गेला नाही? त्याचा टाइम तर वाईट नव्हता असं इथे लोक म्हणतात. नियम बदलला होता का?
– एक शिक्षक, आष्टी, जि. बीड

उत्तर : सर, तुमच्या तालुक्यातला मुलगा, तुम्ही विचारणारच. हो, नियम बदलला होता. आधी हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ठरावीक नंबर थेट फायनलला जायचे आणि उरलेल्यांमधून ज्यांचा टाइम चांगला त्यांनाही घ्यायचे. बुडापेस्टपासून लांब पल्ल्याच्या शर्यतींना ते बंद झालं. साबळेची शर्यत स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत 3,000 मीटर; तिथे आपल्या हीटमध्ये पहिल्या पाचात आलात तर फायनल, नाहीतर बॅग भरा, घड्याळ काहीही म्हणू दे. साबळे 8:22.24 मध्ये सातवा आला, आणि त्याच्या हीटमध्ये इथिओपियाचा लामेचा गिरमा होता ज्याने 8:15 च्या घरात ती काढली. संपला विषय. नशीब म्हणा, डावपेच म्हणा, मला तरी वाटतं शेवटच्या लॅपचा वेग कमी पडला. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकला हाच गडी फायनल पळाला, स्टीपलचेसमध्ये ऑलिम्पिकची फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष, हे वर्गात सांगा.

प्रश्न : नीरज चोप्राच्या गोल्डच्या रात्री तुम्ही तिथे होतात! कसं होतं?
– दोन बहिणी, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही घरी बसून माझ्यापेक्षा नीट बघितलंत. तुमच्याकडे रात्रीचे पावणेबारा, आमच्याकडे सव्वाआठ. पहिला थ्रो फाउल, दुसरा 88.17 मीटर, बस्स, तिथेच ठरलं. पाकिस्तानचा अर्शद नदीम 87.82. पण मला लक्षात राहिलंय ते वेगळंच, पहिल्या सहांत आपले तीन होते! किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा. माझ्या शेजारी बसलेल्या झेक पोरीने, त्यांचा याकुब वाडलेख तिसरा आलेला, मला विचारलं की तुमच्याकडे भालाफेक कधीपासून एवढी जोरात आहे, आणि मी तोंड उघडलं आणि परत मिटलं, कारण नीरज सोडला तर दोन वर्षांपूर्वी मलासुद्धा दुसरं नाव सांगता आलं नसतं.

आदल्या दिवशीची पुरुषांची 4 बाय 400 रिले मात्र लोक विसरतात आणि मला त्याचा राग येतो. अनस, अमोज, अजमल आणि राजेश रमेश, हीटमध्ये अमेरिकेच्या पाठोपाठ दुसरे, 2:59.05, नवा आशियाई विक्रम. टीव्हीसमोर आमच्यातला एक अमेरिकन उभा राहून हे कोण, हे कोण, असं विचारत होता आणि मी इंडिया इंडिया सांगून सांगून घसा बसवून घेतला.

प्रश्न : कामातून शहर बघायला वेळ कसा मिळाला? की नुसतं हॉटेल ते स्टेडियम?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डोंबिवलीकरांना वेळ कसा काढायचा हे मी काय सांगू! सकाळचं सेशन साधारण एकपर्यंत, संध्याकाळचं साडेसहा-सातला सुरू, आणि रात्री काम संपेपर्यंत बारा. मधले चार-पाच तास तुमचे. त्यात झोपायचं किंवा फिरायचं, दोन्ही होत नाही. मी पहिले तीन दिवस फिरले, चौथ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावरच डोळा लागला, मग एक दिवसाआड केलं.

आधी एक फजिती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्या दिवशी मी मेट्रोच्या नकाशात स्टेडियम हा शब्द बघितला आणि बिनधास्त तिथे उतरले. ते निघालं पुश्काश अरेना, फुटबॉलचं. अॅथलेटिक्सचं नवं स्टेडियम शहराच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिणेला, डॅन्यूबच्या काठावर. मीटिंगला अर्धा तास उशिरा पोचले, घामाने थबथबलेली, आणि ओळखपत्र बॅगेच्या तळाशी.

त्या स्टेडियमजवळ दोन नंबरच्या ट्रामचा शेवटचा स्टॉप आहे, कोझवागोहीद. एवढं भारदस्त नाव, अर्थ काय तर सार्वजनिक कत्तलखाना. रोज संध्याकाळी कामाला जाताना मी मनात म्हणायची, चला कत्तलखान्याला. पण ती ट्राम म्हणजे फुकटची सहल. नदीच्या कडेकडेने जाते, पलीकडे बुडाच्या टेकड्या आणि राजवाडा, अलीकडे पार्लमेंट. वाटेत फोवाम तेर नावाच्या स्टॉपवर 1897 चं मोठं मार्केट आहे, लोखंडी छत, खाली लाल मिरच्यांच्या माळा. तिथेच हिरवा लोखंडी पूल, त्याच्या कठड्यावर पोरंपोरी संध्याकाळी चढून बसतात, आपल्याकडे पोलिसांनी दोन मिनिटांत हुसकावलं असतं.

पार्लमेंटजवळ उतरून पाच मिनिटं चाललात की काठावर लोखंडी बूट दिसतात, साठ जोड. बायकांच्या सँडल, पुरुषांचे झिजलेले बूट, लहान मुलांचेही. 1944-45 मध्ये अॅरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे उभं करून आधी बूट काढायला लावले आणि मग गोळ्या घालून नदीत पाडलं. बूट महाग होते, माणसं नव्हती. मी गेले तेव्हा एका छोट्या बुटात कुणीतरी गोड गोळी ठेवली होती, आपण लहानपणी खायचो तशी, चकचकीत कागदातली, आणि उन्हाने ती वितळून कागदाला चिकटलेली. त्या दुपारी मी पुढे कुठेच गेले नाही, तशीच स्टेडियमला परतले.

बाकी भराभर सांगते. पिवळी मेट्रो लाइन 1896 ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी, डबे एवढे ठेंगणे की मुंबईच्या लोकलवाल्याला खेळण्यातली वाटेल. तिने हीरोज स्क्वेअरला जायचं, तिथेच चालण्याच्या शर्यती आणि मॅरेथॉन. पहिल्या दिवशी सकाळी तिथे असं वादळ झालं की 20 किलोमीटर चालण्याची शर्यत दोन तास पुढे ढकलली आणि आम्ही सगळे ओले उंदीर होऊन तंबूत. आणि त्याच आठवड्यात नंतर पारा पस्तीसच्या आसपास! मग 5,000 मीटरच्या हीट्स सकाळच्या संध्याकाळी केल्या. खेळाडूंचं काय झालं असेल ते असो, मला एक मोकळी सकाळ मिळाली आणि मी सरळ सेचेनीच्या गरम पाण्याच्या हौदात जाऊन बसले. उन्हाळ्यात गरम पाण्यात बसणं हा वेडेपणा आहे, पण म्हातारे लोक पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात ते बघायचं होतं.

आणि 20 ऑगस्ट, हंगेरीचा राष्ट्रीय दिवस, रात्री डॅन्यूबवर आतषबाजी. त्याच संध्याकाळी हातोडाफेकीत त्यांच्या बेन्से हालासला ब्राँझ मिळालं, 80.82. आतषबाजी मी बघितली नाही, ऐकली, मिक्स्ड झोनमधून. एकेका बारावर छताची पत्र्याची पट्टी थरथरायची.

प्रश्न : शाकाहारी माणसाचे हाल होतात का हो तिकडे? मुलगा जाणार आहे, काळजी वाटते.
– एक आई, अकोला

उत्तर : काकू, उपाशी राहणार नाही तो. लांगोश नावाचा पदार्थ मिळतो, आपला भटुरा समजा, ताटाएवढा, गरमागरम तळलेला, त्यावर लसूण चोळलेली, आंबट क्रीम आणि किसलेलं चीज. एक खाल्ला की रात्रीपर्यंत चिंता नाही. मात्र सूपच्या बाबतीत विचारूनच घ्यायला सांगा, भाजीचं वाटलं तरी आत मांसाचं पाणी असू शकतं. उन्हाळ्यात चेरीचं थंडगार सूप मिळतं, गोड. मला पहिल्या चमच्याला वाटलं चुकून फ्रूट सॅलडचा रस दिलाय, तिसऱ्या दिवशी मीच शोधत फिरत होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्याही दुकानाच्या फ्रीजमध्ये टूरो रुडी नावाची छोटी कांडी असते, पांढऱ्या कागदावर लाल ठिपके. वरून चॉकलेटचा पातळ पापुद्रा आणि आत, काकू, चक्का! आंबूस, किंचित दाणेदार, लिंबाचा वास. श्रीखंड करायला घेतलं आणि मधेच कुणीतरी चॉकलेटमध्ये बुडवलं अशी चव. मी रोज रात्री बाराला दोन खायची. तिखटाचं म्हणाल तर पापरिका पापरिका म्हणून फार कौतुक आहे त्यांना, पण ते रंगाचं तिखट, आपलं काळं तिखट सोबत द्याच.

प्रश्न : ताई मी 22 वर्षांचा, राज्य पातळीवर 800 मीटर पळायचो, गुडघ्यामुळे सोडलं. मला अशा स्पर्धेत कुठलंही काम चालेल. काय करू? पैसे मिळतात का? आणि एकट्याने फिरायला सेफ आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पळायचो असं भूतकाळात लिहू नकोस रे, वाचताना वाईट वाटतं. तुझ्या नाशिककडचा सर्वेश कुशारे बुडापेस्टला उंच उडीत क्वालिफिकेशनलाच राहिला होता, तोच 2025 ला टोकियोत 2.28 मारून वर्ल्ड्समध्ये सहावा आला.

आता कामाचं. व्हॉलंटियर म्हणून गेलास तर साधारण ड्रेस, ड्यूटीच्या दिवशी जेवण आणि शहरातला प्रवास मिळतो, पगार नाही, विमान आणि राहणं आपलं आपण. मी कराराने गेले होते म्हणून रोजचा भत्ता आणि दोघींत एक खोली मिळाली. अर्ज स्पर्धेच्या अधिकृत साइटवरच करायचा, बरेच महिने आधी. कुणी एजंट काम लावून देतो म्हणून पैसे मागायला लागला तर फोन ठेव. हंगेरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत आहे, तर व्हिसासाठी निदान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि कामाचं पत्र कसलं आहे त्यावर व्हिसाचा प्रकार ठरतो, ते आधी स्पष्ट करून घे, टुरिस्ट व्हिसावर काम असला उद्योग करू नकोस. 2026 च्या सप्टेंबरमध्ये, 11 ते 13 तारखेला, बुडापेस्टच्या याच स्टेडियममध्ये अॅथलेटिक्सचीच अल्टिमेट चॅम्पियनशिप ठरली आहे आणि 2027 चं वर्ल्ड्स बीजिंगला. इंग्रजी पक्कं कर आणि टायपिंगचा वेग वाढव. 800 मीटर पळालेला पोरगा मिक्स्ड झोनला सोन्यासारखा, कारण समोरच्याला दुसऱ्या लॅपमध्ये काय झालं ते तुला विचारायला कळेल, मला शब्द सापडायचे नाहीत.

सेफ म्हणशील तर मी बाई असून रात्री साडेबाराला एकटी परतायची. सहा नंबरची ट्राम रात्रभर चालते, गर्दीही असते, आणि शेवटच्या आठवड्यात तर अर्ध्या ट्रामच्या गळ्यात आमच्यासारखीच ओळखपत्रं लटकलेली. एकदा समोर एक भलामोठा गोळाफेकवाला बसला होता, देश विचारायचं राहिलं, मांडीवर किटबॅग, हातात तीच लाल ठिपक्यांची कांडी. त्याच्या हातात ती काडेपेटीएवढी दिसत होती. माझ्या हातातली बघून हसला आणि कागद कुठून फाडायचा ते दाखवलं, तोपर्यंत मी आठवडाभर उलट्या बाजूने फाडत होते.