रोज तांबडा रस्सा खाणाऱ्या कोल्हापूरकराला अमेरिकेतली हबानेरो मिरचीवाली बीफ जर्की झेपेल का?

झेपेल, पण पहिला तुकडा नखाएवढाच घ्या. रश्शातलं तिखट पातळ होऊन पसरलेलं असतं, सोबत भाकरी असते, जर्की म्हणजे मीठ-मसाल्यात मुरवून वाळवलेलं मांस, आधी गोडसर-खारट लागतं आणि चावत गेलं की तिखट हळूहळू वर येतं, तोवर दुसरा तुकडा तोंडात गेलेला असतो आणि इथंच लोक फसतात. हबानेरो साधारण १ लाख ते ३.५ लाख स्कोव्हिल (मिरचीचा तिखटपणा मोजायचं एकक), आपल्या चटणीतली ब्याडगी जवळपासही नाही. वर पाणी पिऊ नका, तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही, दूध नाहीतर दही घ्या. फक्त पाकिटावरची घटकांची यादी बघा, हबानेरो अगदी शेवटी असेल तर बहुतेक वेळा नुसती चवीपुरतीच असते.