वाचकांचे प्रश्न : माळ कुठला, पडीक कुठलं?

प्रश्न : इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावाभोवती साधारण १२ चौरस किलोमीटर माळ आहे. चिंकारा, लांडगा, खोकड दिसतात. लोकजैवविविधता नोंदवहीसाठी अधिवासांचा नकाशा करायचा आहे. ड्रोन मिळतो आहे. सगळा माळ ड्रोनने टिपावा का?

उत्तर : नको. १०० मीटर उंचीवरून, पुरेसा ओव्हरलॅप (लगतच्या फोटोंचा एकमेकांवर येणारा भाग) ठेवून, एका बॅटरीत साधारण २०-२५ हेक्टर होतात. तुमचा माळ १,२०० हेक्टरांचा, म्हणजे पन्नासेक उड्डाणं. तेवढ्यात ऊन बदलतं, गवताचा रंग बदलतो आणि तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

सुरुवात सेंटिनेल-२ उपग्रहाच्या मोफत प्रतिमांनी करा. त्यांचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. ऑक्टोबर, जानेवारी आणि मे अशा तीन महिन्यांच्या, ढग नसलेल्या प्रतिमा क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शेजारी लावा. ऑक्टोबरात पीकही हिरवं, गवतही हिरवं, त्यामुळे फसगत होते. जानेवारीत कुसळी, मारवेल वाळून पिवळं पडतं, तर रब्बी ज्वारी आणि ऊस हिरवा दिसतो. तिथे शेत वेगळं निघतं.

खरी अडचण बाजरी काढलेल्या रानाची. जानेवारीत तेही कोरडंच दिसतं. त्यासाठी गूगल अर्थवरच्या जुन्या प्रतिमा मागे मागे नेत पाहा. एखाद्या मे महिन्यात नांगरटीचे तास किंवा सरळ बांध दिसले, तर ते शेत. समतल रेषेत गेलेल्या समांतर चऱ्या आणि ओळीतली गिरिपुष्पाची झाडं दिसली, तर ती लागवड. तिला ‘झुडपी रान’ म्हणू नका. उघड्यावर धावणाऱ्या चिंकाऱ्यासाठी दाट लागवड आणि विरळ बोरी-हिवर असलेला माळ या दोन वेगळ्या जागा आहेत. सातबाऱ्यावरचा ‘पडीक’ हा शब्दही नकाशात जसाच्या तसा उतरवू नका. कधीच न नांगरलेला माळ आणि चार वर्षं न पेरलेलं रान त्या एका शब्दात मिसळून जातात आणि नेमका माळच नकाशातून पुसला जातो.

मग पायी फिरा. नोंदीची जागा किमान ३० बाय ३० मीटर एकसारखी असावी, कारण हातातल्या जीपीएसची चूक ३-५ मीटर असते आणि प्रतिमाही थोडी सरकलेली असू शकते. उभं राहायचं ते मध्यभागी, कडेला नाही. गवत, झुडूप, झाड, मुरूम-खडक यांचे टक्के, पाच ठिकाणी गवताची उंची, जुन्या तासांच्या खुणा, लेंड्या-विष्ठा आणि चार दिशांचे फोटो एवढं प्रत्येक जागी लिहा. चराईचा ताण वरून कळत नाही, तो इथेच कळतो.

ड्रोन शेवटी, शंका उरलेल्या तुकड्यांपुरताच. पुढचा ओव्हरलॅप ७५-८० टक्के, बाजूचा ६५-७० टक्के ठेवा. सपाट, एकसारख्या गवतावर तो कमी पडला, तर सॉफ्टवेअरला जुळणारे बिंदू सापडत नाहीत आणि चित्राला भोकं पडतात. वारा असेल तर गवत हलतं आणि हाच घोटाळा होतो. उड्डाणाआधी हवाई क्षेत्राचा नकाशा तपासा. हिरव्या क्षेत्रातही (जिथे उड्डाणाला आधी परवानगी लागत नाही) कमाल उंची १२० मीटरच आहे. वनजमिनीवर वनविभागाची परवानगी घ्या. लांडग्याच्या गुहेजवळ ड्रोन नेऊ नका, आणि गुहेचं, बिळाचं नेमकं ठिकाण लोकांसमोर जाणाऱ्या नकाशात दाखवू नका.

प्रश्न : आमचा नकाशा ८० नोंदींवर तपासला, ९० टक्के अचूक निघाला. तरी माळावर गेलं की चुकीचा वाटतो. त्या ८० पैकी ६० नोंदी रस्त्याकडेच्या शेतातल्या आहेत.

उत्तर : कारण तुमच्या प्रश्नातच आहे. शेताच्या ६० पैकी ६० आणि माळाच्या २० पैकी १२ बरोबर आल्या, तरी बेरीज ७२, म्हणजे ९० टक्केच. माळ मात्र ६० टक्केच बरोबर. अचूकता प्रत्येक वर्गाची (माळ, शेत, लागवड) वेगळी मोजा. प्रत्येक वर्गात शक्यतो ५० नोंदी घ्या, रस्त्यापासून आत जाऊन, जागा आधी चिठ्ठी टाकून निवडून. कुठला ठिपका माळ आणि कुठला शेत हे सॉफ्टवेअरला शिकवायला वापरलेल्या नोंदी नकाशा तपासायला वापरू नका. आणि चुकलेल्या आठ जागी परत जाऊन पाहा.