आयडर बदकाची नोंद करताना: नव्या निरीक्षकासाठी

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे प्रजातींना असलेला धोका सांगणाऱ्या यादीत, सामान्य आयडर हे समुद्री बदक 2015 पासून ‘संकटसमीप’ आहे, पण युरोपपुरत्या 2021 च्या यादीत ते त्याहून गंभीर, ‘संकटग्रस्त’ श्रेणीत गेलं. म्हणून नुसती श्रेणी लिहून थांबू नका. कोणत्या प्रदेशाची आणि कोणत्या वर्षाची, हेही लिहा.

खरी काळजी घ्या ती घरट्यांपाशी. मादी साधारण 4 ते 6 अंडी घालते आणि जवळपास 25-26 दिवस उबवते. त्या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही, अंगातल्या चरबीवर तग धरते. तिला उठवलंत की अंडी उघडी पडतात आणि गल (कुरव पक्षी) किंवा कावळे तेवढ्यात साधतात. त्यातून घाबरून उडताना ती अंड्यांवर दुर्गंधी विष्ठा टाकते. तेव्हा शक्यतो लांबून दुर्बिणीतूनच मोजा. मादी उठलीच, तर अंडी पिसांच्या मऊ अस्तराने झाका आणि लगेच मागे फिरा. पाऊस किंवा कडाक्याचा वारा असेल, तर त्या दिवशी जाऊच नका.

नर आणि माद्या वेगवेगळ्या मोजा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. उबवणाऱ्या माद्या शिकाऱ्यांच्या तावडीत जास्त सापडतात. बाल्टिक समुद्रात पांढऱ्या शेपटीचा गरुड आणि बाहेरून आलेला अमेरिकन मिंक (मुंगसासारखा दिसणारा छोटा मांसाहारी प्राणी) त्यांना टिपतात. फक्त एकूण आकडा लिहिला, तर माद्यांची घट त्यात दडून राहते. नर मात्र उबवण सुरू झाल्यावर लवकरच समुद्रावर निघून जातात, त्यामुळे उशिरा केलेली नरांची मोजणी फसवी असते.