आकडा कुठून आला ते सांग

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. सोबतच्या, सौरवादळांवरच्या तुझ्या व्याख्यानाच्या ६२ स्लाइडही एकेक करून पाहिल्या. चित्रं देखणी आहेत, माहिती बरोबर आहे. तरी त्यातल्या चाळीस तू काढून टाकाव्यास असं मला वाटतं.

सूर्य किती मोठा, किती तापलेला, किती लांब, हे ऐकणाऱ्याला मोबाईलवर क्षणात कळतं. बदलापूरहून, विरारहून शनिवारची संध्याकाळ मोडून, दोनदा गाडी बदलून माणूस व्याख्यानाला येतो, तो एवढ्यासाठी येत नाही. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: हे यांना कळलं कसं? सूर्यावर तर कुणी गेलं नाही. त्याला या प्रश्नाचं उत्तर दे. बाकी सगळं त्याच्या मागून येऊ दे.

विषय सौरवादळांचा, म्हणजे सूर्यावरून उसळून पृथ्वीच्या चुंबकत्वाला हादरे देणाऱ्या विद्युतभारित कणांच्या लोंढ्यांचा, आणि तू बोलणार मुंबईत. मग सुरुवात कुलाब्यापासून कर. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये तिथं वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवायला सुरुवात झाली. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. अचानक डागांच्या एका पुंजक्यावर पांढरा लखलखाट झाला आणि काही मिनिटांत विझला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आदळलं. अनेक ठिकाणी तारायंत्रांच्या तारांमधून ठिणग्या उडाल्या. कित्येक वेधशाळांमधल्या उपकरणांची नोंद तर कागदाबाहेरच गेली. कुलाब्यात मात्र माणूस डोळ्यांनी आकडा वाचून वहीत लिहीत होता. एरवी तासातासाला होणारं वाचन त्या गडबडीत दर काही मिनिटांनी झालं, आणि २ सप्टेंबरच्या सकाळी चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक, म्हणजे जमिनीला समांतर असलेला भाग, सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरल्याचं वहीत उतरलं. दिवस पावसाळ्याचे होते, पण चुंबकाला ढगांची अडचण नसते.

इथे थांब. घाई करू नकोस. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे आणि वादळाला साडेसतरा तास लागले, एवढं सांगून श्रोत्यांनाच भागाकार करायला लाव. सभागृहात कुजबुज होईल, कुणीतरी ‘ताशी ८५ लाख’ म्हणेल. तो आकडा त्याचा स्वतःचा असेल. घरी जाऊन तो जेवताना सांगेल. मग सांग की उजेड हेच अंतर सव्वाआठ मिनिटांत कापतो, म्हणून कॅरिंग्टनला लखलखाट आधी दिसला आणि वादळ दुसऱ्या दिवशी आलं.

क्षेत्र घसरलं का, हेही टाळू नकोस. विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकून विषुववृत्ताच्या वर, खूप उंचावर, तिच्याभोवती फिरतात. त्या फिरण्यानं जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेनं पडतं. मुंबई विषुववृत्तापासून फार लांब नाही, म्हणून ही घसरण इथं ठळक दिसते. फळ्यावर एक गोल आणि त्याभोवती एक कडं काढ, पुरतं.

आणि ट्राम विसरू नकोस. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं तेव्हा तिच्या प्रवाहानं कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली, लोखंडाचा वापर कटाक्षानं टाळून बांधली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी वाचन चालू ठेवलं, म्हणजे जुन्या नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. शंभर वर्षांनी कोण बघणार म्हणून कुणी ते सोडून दिलं नाही. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी १८५९ चं वादळ पुन्हा मोजलं ते याच कुलाब्याच्या नोंदींवरून.

भाषेबद्दल थोडंसं. दीर्घिका, कृष्णविवर, तेजोमेघ हे शब्द बेधडक वापर, पहिल्यांदा येतील तेव्हा एका वाक्यात उलगड. ‘नॅनोटेस्ला’ला मराठी शब्द शोधत बसू नकोस. ती १६०० ची घसरण म्हणजे मुंबईतल्या क्षितिजसमांतर घटकाच्या सुमारे चार टक्के, असं म्हटलं की समजतं.

प्रश्नांसाठी वीस मिनिटं राखून ठेव, पंधरा नव्हेत. अरोरा, म्हणजे एरवी ध्रुवांकडच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, मुंबईत दिसेल का, हे एखादं पोर विचारणारच, कारण मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले इथून आकाशातली लाल झाक टिपली गेली ते सगळ्यांनी पाहिलंय. त्याला सांग की फार दुर्मीळ आहे, पण ४ फेब्रुवारी १८७२ ला मुंबईतून अरोरा दिसल्याची नोंद आहे. त्याचे डोळे बघ तेव्हा.

दुसरा प्रश्न ग्रहणाचा येईल. अनेक वर्षांपूर्वी एका बाईंनी मला विचारलं, सून गरोदर आहे, ग्रहणात तिनं भाजी चिरावी का? मी म्हणालो, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. सभागृह हसलं. त्या खाली बसल्या आणि पुन्हा कधी व्याख्यानाला दिसल्या नाहीत. ते मला आजही सलतं. त्या काळजीपोटी विचारत होत्या आणि मी त्यांना चारचौघांत गप्प केलं. तुला असं कुणी विचारलं तर चंद्राची सावली म्हणजे काय ते आधी सांग, ऊन तेच असतं फक्त कमी पोचतं हे सांग, मग चाळणीतून भिंतीवर पडणाऱ्या सूर्याच्या कोरी कशा बघायच्या ते सांग. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी न बघण्याची ताकीदही तेव्हाच दे. २ ऑगस्ट २०२७ ला मुंबईत खंडग्रास ग्रहण आहे. ढगांनी कृपा केली तर त्या सासूबाई सुनेला घेऊन गच्चीवर जातील.

शेवटी त्यांना घरी करता येईल असं काहीतरी दे. मुंबईचा अक्षांश १९ अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून १९ अंशांवर, म्हणजे हात लांब केल्यावर जवळपास दोन मुठी वर. उत्तरेची मोकळी गच्ची हवी एवढंच.

रविवारी घरी ये, तालीम करू. लॅपटॉप आणू नकोस. माझ्या एका व्याख्यानात प्रोजेक्टर विसाव्या मिनिटाला बंद पडला आणि पुढं काय बोलायचं ते मला सुचेना, कारण सगळं पडद्यावर होतं. तू मला फक्त खडू घेऊन कुलाबा सांग. काकूनं थालीपिठाची भाजणी काढून ठेवली आहे.

तुझा काका