आधी डोळे, मग तोंड

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. सहावीची पोरं इंग्रजीचा धडा खडाखडा वाचतात आणि ‘म्हातारीनं घागर कुठं ठेवली?’ एवढं मराठीतून विचारलं तरी माना खाली घालतात. म्हणून तू मूक वाचन घेतलंस, तर हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, “बाई, वर्गातनं आवाज का येत नाही?” आणि आता तुला वाटायला लागलंय की आपलंच काहीतरी चुकतंय.

चुकत नाही. आधी डोळे, मग तोंड.

मी आठवीत असताना घरी जमिनीची नोटीस आली, कन्नडमधली. अक्षरं मला येत होती; बसच्या पाट्या वाचून वाचून ती पक्की झाली होती. ओसरीवर उभं राहून मी नोटीस खणखणीत वाचली. ‘मूवत्तु दिनगळोळगे’. बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा वाचायला लावली. ‘तीस दिवसांच्या आत’ हा त्याचा अर्थ आम्हाला कळला तेव्हा दीड महिना उलटला होता. हरकतीची मुदत संपली, ओढ्याकडची पट्टी गेली. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

एवढं होऊनही मास्तर झाल्यावर अकरा वर्षं मी वर्गात तेच केलं. एकेकानं उठायचं, एकेक वाक्य वाचायचं. पोरं पुढची डोकी मोजून आपलं वाक्य हेरायची, तेवढंच पुटपुटत बसायची. बाकीचा धडा कुणी वाचतच नव्हतं. एक मुलगी अडखळायची, तिला मी ‘बस खाली’ म्हणायचो. वर्षअखेरीस उताऱ्यावरची सगळी उत्तरं तिची एकटीची बरोबर आली. तिची माफी मागायची राहूनच गेली. साठ पोरं, तपासणीला येणारे साहेब, आवाज आला की खूश. मी तरी काय करणार होतो? पण हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय, तू सांगू नकोस.

मला शहाणं केलं ते बेळगावकडच्या कणकुंबीच्या पावसानं. जुलैत पत्र्यावर असा कोसळायचा की समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. नाइलाजानं फळ्यावर दोन प्रश्न लिहिले आणि खुणेनं सांगितलं, वाचा. अर्ध्या तासानं पाट्या बघितल्या. मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा उत्तरं लिहिली होती.

कारण समजून घे, म्हणजे हेडमास्तरांसमोर डगमगणार नाहीस. आपलं पोर ‘घागर’ मोठ्यानं वाचतं तेव्हा तो शब्द त्याच्या कानात आधीपासून असतो. आवाज निघाला की अर्थ उमटतो. त्याच घागरीला इंग्रजीत ‘पिचर’ म्हटलं की कानात कुणीच ओ देत नाही. त्यात इंग्रजी स्पेलिंग: ‘दो’ (though), ‘थ्रू’ (through), ‘टफ’ (tough), तिन्हींत ough हीच चार अक्षरं आणि उच्चार तीन तऱ्हांचे. पोराचं सगळं चित्त जिभेवर, शिवाय हसतील ही धास्ती. अर्थाला जागा उरते कुठं? इंग्रजी ज्यांना सहज येते त्या मोठ्या माणसांचंही तोंड मागेच राहतं. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञानं २०१९ साली कितीतरी अभ्यासांचे आकडे एकत्र केले, त्यात मनात वाचण्याचा वेग मिनिटाला सुमारे २३८ शब्द निघाला आणि मोठ्यानं वाचण्याचा १८३.

पहिली-दुसरीचं वेगळं. तिथं शब्द कानात बसायलाच हवा, तू वाच आणि त्यांना ऐकू दे. सहावीतही प्रकट वाचन टाकून देऊ नकोस. ते कळल्यानंतर घे, एवढंच म्हणतोय. आधी डोळे, मग तोंड! मनात वाचताना कुणाचे ओठ हलले, कुणी ओळीखाली बोट धरलं, तर रागावू नकोस. पण प्रश्न फळ्यावर आधी असू दे. नुसतं ‘मनात वाचा’ म्हटलंस तर पोरं खिडकीतनं म्हशी मोजतील.

आणि तोंडाची पाळी येईल तेव्हा ढाक्याच्या मायकेल वेस्टांची युक्ती वापर. १९२० च्या दशकात बंगाली पोरांच्या इंग्रजी वाचनावर त्यांनी काम केलं होतं. पोरानं तीन-चार शब्द डोळ्यांनी उचलायचे, मान वर करायची आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघून ते बोलायचे. बोलताना पुस्तकाकडे बघायचं नाही. जे कळलं नाही ते वाक्य मान वर करेपर्यंत टिकतच नाही, करून बघ.

गुरुवारी सकाळच्या बसनं येतो. मागच्या बाकावर बसेन. हेडमास्तरांनाही बसव, आणि न शिकवलेल्या धड्यातला कुठलाही प्रश्न त्यांनाच फळ्यावर लिहायला सांग.

तुझा,
सर