एका गोलाच्या फरकाची तयारी ऑक्टोबरपासून

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या आइस हॉकी संघात व्हिडिओचं काम तुला मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. विजेता संघ नेमकं काय वेगळं करतो आणि कॅमेऱ्यामागे बसून त्यातलं काय टिपायचं, असं तू विचारलं आहेस. त्यासाठी एकच हंगाम समोर ठेव: अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठाचा 2023-24 चा. त्याचे सामने पूर्ण बघ. हायलाइट्सवर भागवू नकोस, कारण त्यात फक्त गोल दिसतात आणि या संघाने शेवटी बाजी मारली ती गोल अडवून.

निकाल आधी नीट लक्षात घे. 13 एप्रिल 2024 ला मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये डेन्व्हरने बॉस्टन कॉलेजला 2-0 ने हरवलं. ते त्यांचं दहावं राष्ट्रीय विजेतेपद. तोवर मिशिगनची आणि त्यांची नऊ-नऊ अशी बरोबरी होती. त्या वर्षी डेन्व्हर सामन्यामागे चारपेक्षा जास्त गोल करत होता. पण राष्ट्रीय स्पर्धेत काय झालं बघ: मॅसॅच्युसेट्सविरुद्ध 2-1 आणि तेही दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत), कॉर्नेलविरुद्ध 2-1, उपांत्य फेरीत बॉस्टन विद्यापीठाविरुद्ध ओव्हरटाइममध्ये 2-1, मग अंतिम सामना 2-0. चार सामन्यांत केलेले गोल आठ, स्वीकारलेले तीन. गोलांचा पाऊस पाडणारा संघ मार्च उजाडल्यावर एकेका गोलावर जगू शकला, कारण तसं खेळायची सवय त्याने हंगामभर लावून घेतली होती. ही सवय व्हिडिओत कशी ओळखायची, एवढंच मला तुला सांगायचं आहे.

आधी वेळापत्रक. कॉलेज हॉकी ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि बहुतेक सामने शुक्रवार-शनिवार असे जोडीने, त्याच प्रतिस्पर्ध्याशी असतात. त्या हंगामात राष्ट्रीय स्पर्धेतल्या 16 जागांपैकी सहा जागा परिषदांच्या, म्हणजे कॉलेज संघांच्या लीगच्या, विजेत्यांना होत्या आणि उरलेल्या दहा पेअरवाइज नावाच्या तुलनेवरून भरल्या जात. प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी तुलना व्हायची आणि त्या हिशेबात ऑक्टोबरमधल्या सामन्याचं वजन फेब्रुवारीतल्या सामन्याइतकंच असायचं. ‘अजून हंगामाची सुरुवात आहे’ असं कुणी म्हणालं तर ते कानाआड कर. परिषदेत नियमित हंगामाच्या विजेत्याला मिळणारा पेनरोझ चषकही डेन्व्हरचा नव्हता, तो नॉर्थ डकोटाने नेला. डेन्व्हरने नंतर परिषदेच्या अंतिम सामन्यात ओमाहाला 4-1 ने हरवलं आणि तिथून पुढे मागे वळून पाहिलं नाही.

शुक्रवारची रात्र ही तुझी खरी परीक्षा. सामना संपला की शनिवारी सकाळपर्यंत कोचच्या हातात तुकडे हवेत. आठ ते दहा, प्रत्येकी 15-20 सेकंदांचे. चाळीस काढून ठेवायचा मोह होईल, पण थकलेली पोरं दहाच्या पुढे बघत नाहीत, नुसती बसून राहतात. दहातले तीन तरी आपण बरोबर केलेल्या गोष्टींचे असू देत. गोल झाल्यापासून तुकडा सुरू करू नकोस. पक (खेळातली रबरी चकती) आपल्या ताब्यातून गेला त्या क्षणापासून कर. गोलची चूक बहुतेक वेळा दहा-बारा सेकंद आधी, दोनशे फुटी रिंकच्या दुसऱ्या टोकाला झालेली असते.

आता शिफ्ट, म्हणजे खेळाडू एका वेळी सलग बर्फावर असतो तेवढा वेळ. फॉरवर्डच्या चार फळ्या आणि बचावपटूंच्या तीन जोड्या आळीपाळीने बर्फावर उतरतात. एक शिफ्ट 40-45 सेकंदांची असावी. साठच्या पुढे गेली की पाय जड होतात, खेळाडू वळण्याऐवजी हात लांबवून स्टिक मधे घालतो आणि त्यातूनच हुकिंगची (स्टिकने अडकवण्याची), ट्रिपिंगची (पाडण्याची) दोन मिनिटांची पेनल्टी येते. म्हणून प्रत्येक पेनल्टीसमोर त्या खेळाडूची शिफ्ट किती सेकंद चालली होती ते लिही. महिनाभरात तक्ता स्वतःच बोलेल. खो-खोत बचावाची तिघांची तुकडी बाद झाली की पुढची आत येते. इथे दमण्याच्या आधी बाहेर यायचं असतं आणि ते ठरवणं खेळाडूच्या हातात असतं.

या शिफ्टचा सगळा जीव सामन्याच्या तीन सत्रांपैकी दुसऱ्या सत्रात टांगणीला लागतो. इथे जरा थांब, कारण नवखे लोक हीच गोष्ट पाहत नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात आपला बेंच आपल्या बचावाच्या बाजूला असतो. दुसऱ्या सत्रात संघ बाजू बदलतात, बेंच मात्र जागच्या जागी राहतात. त्यामुळे आपल्या गोलसमोर अडकलेल्या बचावपटूला बदली होण्यासाठी मधली रेषा ओलांडून लांब जावं लागतं. पक नुसता ब्लू लाइनबाहेर (आपल्या बचाव क्षेत्राच्या रेषेबाहेर) ढकलला तर प्रतिस्पर्धी तो उचलून परत येतो आणि आपले दोघे तेव्हा बेंचच्या वाटेवर पाठमोरे असतात. घाबरून मधल्या लाल रेषेच्या अलीकडूनच पक थेट पलीकडच्या टोकाला मारला तर आयसिंग होतं, फेसऑफ (पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) आपल्याच क्षेत्रात येतो आणि नियमानुसार त्याच दमलेल्या पाच जणांना बर्फावर थांबावं लागतं. हे चक्र सुरू झालं की गोल होणारच, फक्त वेळेचा प्रश्न.

यावर उपाय साधा आहे, पाळायला कठीण. दुसऱ्या सत्रात पक मधल्या लाल रेषेपुढे नेऊन प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात खोल टाकायचा, एका फॉरवर्डने त्याच्या मागे जाऊन दबाव ठेवायचा आणि मगच बाकीच्यांनी बदली करायची. सुंदर पास देऊन आत घुसायची संधी दिसत असतानाही, शिफ्ट 40 सेकंदांवर गेली असेल तर ती सोडायची. तुझ्या नोंदीत दुसऱ्या सत्रासाठी वेगळा रकाना कर: बदलीच्या क्षणी पक कुठे होता. लाल रेषेच्या अलीकडे असताना झालेली प्रत्येक बदली लाल शाईने लिही. अंतिम सामन्यात डेन्व्हरचे दोन्ही गोल, जॅरेड राइटचा आणि रीगर लोरेन्झचा, दुसऱ्या सत्रातच झाले. ते बघताना फक्त गोल मारणाऱ्याकडे पाहू नकोस. त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात कोण ताजा होता आणि कोण दमलेला, ते मोज.

आता गोलीबद्दल, म्हणजे गोलरक्षकाबद्दल. डेन्व्हरच्या मॅट डेव्हिसने अंतिम सामन्याच्या रात्री 35 फटके अडवले आणि त्यातले बहुतेक तिसऱ्या सत्रात, बॉस्टन कॉलेज चहूबाजूंनी तुटून पडलेलं असताना. समोर साधी माणसं नव्हती: कटर गोतिये याने त्या हंगामात 38 गोल केले होते आणि विल स्मिथ, रायन लेनर्ड, गॅब पेरॉल्ट ही पहिल्या वर्षाची फळी देशभर गाजत होती. गोलीच्या कौतुकात काही कमी नको. पण फटक्यांची नुसती संख्या मोजणं पुरेसं नाही. प्रत्येक फटक्यासमोर चार गोष्टी लिही. फटका कुठून आला: गोलसमोरच्या मोक्याच्या जागेतून (स्लॉटमधून) की रिंकच्या कडेच्या भिंतीजवळून (बोर्डजवळून). गोलीला पक दिसत होता की मधे कुणी उभं होतं. फटक्याच्या आधी पक रिंकच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेला का, कारण तसा आडवा पास आला की गोलीला आडवं सरकावं लागतं आणि सरकताना पायांमधे, काखेत जागा उघडते. आणि शेवटी रिबाउंड, म्हणजे गोलीला लागून उसळलेला पक, कुठे गेला: कोपऱ्यात, पॅडखाली की परत स्लॉटमध्ये. बाहेरून आलेले, स्पष्ट दिसणारे वीस फटके चांगला गोली अडवतो. आडव्या पासनंतरचे पाचसुद्धा जड जातात. आपल्या संघाने असे किती होऊ दिले, हा आकडा कोचला दे. एकूण फटक्यांपेक्षा तो फार कामाचा आहे.

बचावपटूंचं काम त्यावरूनच ठरतं. पकच्या मागे दोघांनी धावायचं नाही. एकाने पक धरलेल्या खेळाडूला बोर्डकडे ढकलत न्यायचं, दुसऱ्याने गोलसमोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला अंग लावून त्याची स्टिक वर उचलायची, आणि सेंटरने (मधल्या फॉरवर्डने) स्लॉटमध्ये स्टिकचं पातं बर्फावर टेकवून उभं राहायचं. पातं हवेत असलं की आडवा पास खालून सुटतो. थकवा आला की सगळ्यात आधी हीच गोष्ट ढासळते: डोळे पकवर, स्टिक गुडघ्यापाशी. व्हिडिओ थांबवून पाचही पाती मोज.

आघाडी राखणं हा वेगळा विषय आहे. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत प्रतिस्पर्धी गोलीला बाहेर काढून सहावा खेळाडू आणतो. समोर रिकामा गोल दिसतो आणि तरुण खेळाडू आपल्याच क्षेत्रातून लांब फटका मारतो. गोल चुकला की आयसिंग: पुन्हा आपल्या गोलीसमोर फेसऑफ, तेच दमलेले पाय, आणि प्रतिस्पर्धी मात्र ताजी माणसं उतरवतो. मधली लाल रेषा ओलांडेपर्यंत फटका नाही, हा नियम सरावात शंभर वेळा गिरवलेला असावा लागतो. ओलांडता येत नसेल तर पक बोर्डवरून हलका उचलून ब्लू लाइनबाहेर टाकायचा. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्यांना क्षेत्राबाहेर येऊन पुन्हा आत शिरावं लागतं आणि घड्याळातले दहा सेकंद तरी जातात.

ओव्हरटाइमबद्दल एक फसगत ध्यानात ठेव. नियमित हंगामात तो पाच मिनिटांचा, तीन विरुद्ध तीन असतो. मोकळा बर्फ, वेगाचा खेळ. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र वीस मिनिटांची पूर्ण सत्रं, पाच विरुद्ध पाच, पहिला गोल होईपर्यंत. हंगामातल्या ओव्हरटाइमचं यश इथे कामाला येत नाही. इथे चौथी फळी लागते, कारण पहिल्या दोन फळ्यांनाच पळवलं तर दुसऱ्या ओव्हरटाइमला त्यांच्यात काही उरत नाही. डेन्व्हरने स्प्रिंगफील्डमध्ये मॅसॅच्युसेट्सशी असा लांबलेला सामना गुरुवारी खेळला आणि शनिवारी कॉर्नेलसमोर उभं राहायचं होतं. मॅसॅच्युसेट्स आणि बॉस्टन विद्यापीठ, दोन्ही सामन्यांत निर्णायक गोल ट्रिस्टन ब्रोझचा होता. पण अशा खेळाडूंना तोवर ताजं ठेवते ती चौथी फळी, म्हणून ऑक्टोबरपासून तिचे तुकडेही काढ. तिला वगळून केलेला व्हिडिओ कोचला अर्धंच चित्र दाखवतो.

या फळीची गरज डिसेंबरअखेरीसही लागते. चांगले विद्यार्थी खेळाडू जागतिक ज्युनियर स्पर्धेला जातात; डेन्व्हरचा पहिल्या वर्षाचा बचावपटू झीव ब्युइअम त्या वर्षी स्वीडनला जाऊन अमेरिकेसाठी सुवर्ण जिंकून आला. त्या काळात मागे राहिलेल्यांपैकी कुणाला पेनल्टी किलवर (आपला खेळाडू पेनल्टीमुळे बाहेर असताना बचावाला) उतरवलं, कसं खेळले, याची नोंद मार्चमध्ये सोन्यासारखी उपयोगी पडते.

सामानाचं थोडक्यात. स्केटच्या पात्याला खालून दिलेली खोलगट धार बर्फ किती धरायचा ते ठरवते: अर्धा इंच त्रिज्येची धार सर्रास चालते, तीन अष्टमांश जास्त पकडते पण पाय लवकर दमवते, पाच अष्टमांशवर घसरण लांब होते. मोठ्या सामन्याआधी धार बदलू द्यायची नाही. एखादा खेळाडू वळताना वारंवार घसरताना दिसला तर आधी त्याच्या पात्याचा व्हिडिओ उपकरणं सांभाळणाऱ्याला दाखव. गोलच्या खांबावर घासून एक कड गेलेली असते आणि दोष तंत्राला लागतो. भरलेल्या रिंकमध्ये सत्राच्या शेवटी बर्फ खरवडला जातो, पक उड्या मारतो. शेवटच्या पाच मिनिटांतले हुकलेले पास वेगळे मोज.

तू स्वतः खेळत नाहीस याची खंत तुझ्या पत्रात जाणवली. डेन्व्हरचे कोच डेव्हिड कार्ल 2008 मध्ये खेळाडू म्हणून या विद्यापीठात येणार होते. हृदयाच्या स्नायूचा आजार निघाला आणि खेळ थांबला. तेव्हाचे कोच जॉर्ज ग्वोझडेकी यांनी शिष्यवृत्ती कायम ठेवून त्यांना विद्यार्थी साहाय्यक केलं. 2018 मध्ये ते मुख्य कोच झाले, 2022 मध्ये आणि 2024 मध्ये विजेतेपद मिळालं. तू बसतोस त्याच बाजूने त्यांनी खेळ शिकला आहे.

येत्या आठवड्यात एवढं कर: तो अंतिम सामना मिळव, आवाज बंद कर आणि फक्त दुसरं सत्र बघ. प्रत्येक बदलीची वेळ आणि तेव्हाची पकची जागा, दोन्ही संघांची, कागदावर लिही. एका सत्राला तीन तास लागतील. तक्ता झाला की मला पाठव. कुठे रकाना कमी पडतो ते मग बोलू.

तुझा हितचिंतक