हवामानबदल न मानणाऱ्यांना मतदानाचा हक्क कशाला? मत देण्याआधी विज्ञानाची चाचणी घेतली तर?

नको. आणि हे मी मोठ्या मनाचा वगैरे आहे म्हणून सांगत नाही. तुम्हाला जे साधायचं आहे तेच या चाचणीने साधणार नाही.

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: विज्ञान स्पष्ट आहे, हाताशी वेळ थोडा आहे, आणि ज्याला हरितगृह परिणाम कशाशी खातात हे ठाऊक नाही त्याच्या मताला हवामानशास्त्रज्ञाच्या मताइतकंच वजन. तेव्हा दहा सोपे प्रश्न विचारा, सहा बरोबर आले तरच मतपत्रिका हातात द्या. गाडी चालवायला परवाना लागतो, मग देश चालवायला का नको?

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणजे प्रश्नपत्रिका काढणं हे माझं रोजचंच काम. चला, काढूनच बघू.

पहिला प्रश्न: वातावरणात कार्बन डायऑक्साइड किती टक्के असतो? उत्तर, सुमारे ०.०४. हा आकडा तोंडपाठ कोणाला असतो? न मानणाऱ्याला. "एवढ्याशा वायूने काय दिवे लागणार" हा त्याचा लाडका मुद्दाच त्यावर उभा असतो. दुसरा प्रश्न: उष्णता अडवण्यात सर्वात मोठा वाटा कोणत्या वायूचा? पाण्याच्या वाफेचा. हेही तो फाडकन सांगेल, कारण हा त्याचा दुसरा लाडका मुद्दा. तिसरा: कारखाने नव्हते तेव्हा हिमयुगं कशामुळे आली आणि गेली? पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल यांतल्या बदलांमुळे. हे गणित मांडणाऱ्या मिलान्कोविचचं नाव घेऊन सांगेल. तीनपैकी तीन.

आता तुमच्या बाजूचा मतदार. पृथ्वी का तापतेय, बाबा? "ओझोनच्या थराला भोक पडलंय, तिथून ऊन आत येतं." हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत इतक्यांदा वाचलंय की आता लाल पेन आपोआप फिरतं. ओझोनचं प्रकरण निराळं. तो थर पोखरणाऱ्या रसायनांवर १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि थर हळूहळू भरून येतोय. पण हे उत्तर लिहिणारी मुलं हवामानबदल अगदी मनापासून मानतात. सभेला जातात, फलक रंगवतात. तुमच्या चाचणीत ती नापास.

थोडा वरच्या इयत्तेचा प्रश्न घेऊ. तापमानवाढ सूर्यामुळे नाही, माणसाने सोडलेल्या वायूंमुळे आहे, हे ओळखायचं कसं? सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा स्थितांबर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच व्हायला हवं, हे स्युकुरो मानाबे यांच्या १९६७ च्या गणितातच दिसलं होतं. त्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. माझ्या दृष्टीने संपूर्ण विषयातला हा सर्वात देखणा पुरावा. पण खरं सांगा, तुमच्या ओळखीतल्या किती "मानणाऱ्यांना" हा माहीत आहे? ते मानतात कारण शास्त्रज्ञांवर त्यांचा विश्वास आहे. त्यात गैर काही नाही, मीही औषध घेताना रसायनशास्त्र तपासत बसत नाही. पण विश्वासाला गुण देता येत नाहीत.

यावर तुम्ही म्हणाल, प्रश्नच बदलू: "तापमानवाढ माणसामुळे होतेय का, हो की नाही?" मग ती ज्ञानाची चाचणी राहिली नाही, निष्ठेची झाली. "हो" लिहिणारा पास.

हा नुसता माझ्या वर्गातला अनुभव नाही. अमेरिकी संशोधक डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली 'नेचर क्लायमेट चेंज' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास छापला. १,५४० अमेरिकी प्रौढांची विज्ञानाची आणि आकडेमोडीची समज तपासली आणि हवामानबदलाचा धोका किती वाटतो ते विचारलं. समज वाढेल तशी काळजी वाढेल, अशी अपेक्षा. तसं झालं नाही. वाढली ती धोका मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या गटांमधली दरी. ज्याचा कल आधीच जिकडे होता, तिकडे तो हुशारीच्या जोरावर आणखी ठामपणे गेला. हुशार माणसाला आपल्या मताच्या समर्थनार्थ कारणं शोधणं जास्त चांगलं जमतं, एवढाच त्याचा अर्थ. भौतिकशास्त्राचे १९७३ चे नोबेल विजेते इव्हार गिएव्हर यांनी २०११ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटी या भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा राजीनामा दिला, कारण सोसायटीने तापमानवाढीचा पुरावा निर्विवाद म्हटलेलं त्यांना पटलं नव्हतं. माझ्या मते ते साफ चुकत होते. पण तुमची दहा प्रश्नांची चाचणी त्यांना अडवणार? आणि एक्झॉन या तेलकंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेली तापमानवाढीची भाकितं बहुतांशी बरोबर निघाली, असं 'सायन्स'मधल्या २०२३ च्या एका अभ्यासाने दाखवलंय. त्याच काळात कंपनी बाहेर जाहीरपणे शंकेचे ढग सोडत होती. ज्यांनी सर्वात जास्त नुकसान केलं त्यांना विज्ञान उत्तम येत होतं. पैकीच्या पैकी गुण.

आता तुमच्या परवान्याकडे येतो. परवाना देणाऱ्या माणसाला कोण गाडी चालवतो याने काडीचाही फरक पडत नाही. मतदार ठरवणाऱ्याला पडतो. हा प्रयोग होऊन गेलाय, आणि त्याचा निकाल कागदोपत्री आहे.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात मतदारनोंदणीसाठी अर्ज भरावा लागे. त्यात राज्यघटनेचं एक कलम उतरवून काढायचं आणि खाली त्याचा "वाजवी अर्थ" स्वतःच्या शब्दांत लिहायचा. शिवाय नागरिकाची कर्तव्यं यावर चार ओळी. ऐकायला किती रास्त वाटतं! पण कलमं अडीचशेहून जास्त, कुठलं द्यायचं ते नोंदणी करणारा कारकून ठरवणार, अर्थ वाजवी आहे की नाही हेही तोच ठरवणार, आणि तो कारकून स्वतः निवडून आलेला, म्हणजे यादीत कोण येतं यावर त्याची खुर्ची अवलंबून. ३१ ऑगस्ट १९६२ ला फॅनी लू हेमर नावाची मळ्यावर राबणारी कृष्णवर्णीय बाई इंडियानोलाच्या न्यायालयात नोंदणीला गेली. तिला कलम १६ दिलं गेलं. तिने ते उतरवलं, अर्थ काही लागला नाही. नापास. त्याच दिवशी मळेवाल्याने सांगितलं, अर्ज मागे घे नाहीतर चालू लाग. ती रात्रीच निघाली. पुढे ती नागरी हक्क चळवळीतली मोठी नेता झाली, पण ती वेगळी कथा. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने अशा चाचण्यांना चाप लावला, तेव्हा मिसिसिपीत मतदार म्हणून नोंदलेल्या कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. १९६७ पर्यंत ते सुमारे ६० टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत लोकांची बुद्धी वाढली नव्हती. कारकून बदलला होता.

तुमचा हेतू तसा नाही, मान्य. पण चाचणी एकदा कायद्यात आली की ती तुमच्या हातात राहत नाही. पुढच्या निवडणुकीत न मानणाऱ्यांचं सरकार आलं की पेपर ते काढतील. वर माझे पहिले तीन प्रश्न वाचा: ते असाच पेपर काढतील, आणि त्यातलं एकही उत्तर खोटं नसेल.

डॉ. आंबेडकरांनी १९२९ मध्ये सायमन कमिशनच्या संदर्भात दिलेल्या स्वतंत्र अहवालात हा विषय निकालात काढला होता. मताधिकारासाठी साक्षरतेची अट घालणारे दोन चुका करतात, असं त्यांचं म्हणणं. निरक्षर म्हणजे बुद्धी नसलेला, ही एक. साक्षर झाला की शहाणा झाला, ही दुसरी. १९५१ च्या जनगणनेत भारताची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि त्याच सुमारास १७ कोटींहून जास्त मतदारांची यादी घेऊन पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. अक्षर ओळखता येत नव्हतं म्हणून पेट्यांवर चिन्हं लावली. अडचण मतदाराची नाही, व्यवस्थेची मानली आणि व्यवस्था बदलली.

पण माझा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. मतपेटीत आपण "कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो का" याचं उत्तर टाकतच नाही. ते प्रयोगशाळेत ठरलं, १९ व्या शतकातच. मतदार ठरवतो ते हे, की खर्च कोणी उचलायचा, किती आणि कधीपर्यंत. त्यात तज्ज्ञ कोण? ज्याच्या खिशाला चाट बसणार तो.

स्वित्झर्लंडचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं, कारण तिथे कायदाच थेट लोकांपुढे जातो. जून २०२१ मध्ये कार्बन कायद्यावर मतदान झालं. त्यात विमानाच्या तिकिटावर ३० ते १२० फ्रँक कर होता आणि पेट्रोल महागणार होतं. ५१.६ टक्के लोकांनी नकार दिला. (त्याच दिवशी कीटकनाशकांवरही मतदान होतं, त्यामुळे शेतकरी लोटले आणि त्याचाही फटका बसला असं म्हणतात.) तेव्हाही बऱ्याच जणांनी लोकांच्या अज्ञानाला बोल लावला असेल. पुढे सरकारने कायदा नव्याने बांधला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (म्हणजे जेवढे वायू सोडायचे तेवढे परत शोषायचे), हे उद्दिष्ट कायद्यात घातलं, नवा कर नाही, आणि तेल-गॅसवर घर गरम करणारी जुनी यंत्रणा बदलायला दहा वर्षांत २ अब्ज फ्रँकची मदत. जून २०२३, ५९.१ टक्के होकार. तोच देश, जवळपास तेच मतदार, मध्ये दोन वर्षं. कोणाचीही परीक्षा झाली नाही. पहिल्या वेळच्या "नाही"मध्ये विज्ञानाचं अज्ञान किती आणि "हे बिल माझ्या नावाने का" हा प्रश्न किती, ते बघा. परीक्षा घेऊन त्यातल्या अर्ध्यांना घरी बसवलं असतं तर २०२१ चा कायदा कदाचित पास झाला असता. आणि रस्त्यावर जाळपोळ. फ्रान्सने २०१८ मध्ये इंधनकर वाढवताना ते बघितलंय, पिवळी जाकिटं घालून लोक उतरले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली.

मताची कटकट नसलेल्या राजवटी पर्यावरण जास्त चांगलं सांभाळतात, असं कोणी सुचवलं तर मध्य आशियातल्या अरल समुद्राचा नकाशा पाहावा. सोव्हिएत नियोजनकारांत शिकलेल्यांची कमतरता नव्हती. कापसासाठी नद्या वळवल्या, समुद्र आटला, आणि काठावरच्या मच्छीमाराला ते थांबवायला मत नव्हतं.

तुमच्या चिंतेत तथ्य आहे, पण यादी भलत्या बाजूने दुरुस्त करायला निघाला आहात. हवामानाच्या बाबतीत मतदारयादीचा खरा दोष हा, की सर्वात जास्त भोगणारे तिच्यात नाहीतच. २०७० मध्ये प्रौढ असणाऱ्यांतले बरेच जण आज जन्मलेले नाहीत किंवा शाळेत आहेत. समुद्रात बुडण्याची भीती असलेल्या तुवालूच्या बेटांवर राहणाऱ्याला मोठ्या देशांच्या निवडणुकीत मत नाही. यावर थोडंफार काम झालंय. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये मतदानाचं वय १६ केलं. वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने भावी पिढ्यांसाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं, की आज ढिलाई करून पुढच्यांच्या स्वातंत्र्यावर सगळा बोजा टाकता येणार नाही. सोळाचं वय मला स्वतःला पूर्ण पटलेलं नाही (रोज सोळा वर्षांच्यांतच असतो, म्हणूनही असेल), पण दिशा ती आहे.

राहिला तुमचा शेवटचा सवाल: मग या लोकांचं करायचं काय? आयर्लंडने ९९ सामान्य नागरिक निवडून एक सभा भरवली होती. वय, लिंग, वर्ग, प्रदेश बघून निवडलेले. हवामानाचा पेपर कोणी घेतला नव्हता. २०१७ मध्ये त्यांनी तज्ज्ञांना ऐकलं, उलटसुलट प्रश्न विचारले, टेबलांवर वाद घातले. शेवटी गुप्त मतदानात ८० टक्क्यांनी सांगितलं की जास्त कार्बन सोडणाऱ्या गोष्टींवर वाढीव कर द्यायला आम्ही तयार आहोत. अटी घातल्या: हा पैसा फक्त याच कामी लागला पाहिजे, आणि सर्वात गरीब घरांवर तो बसता कामा नये.

फ्रान्सनेही तसंच केलं, १५० जण निवडले. त्यांनी २०२० मध्ये १४९ प्रस्ताव हातात दिले. त्यांत काटछाट न करण्याचा शब्द राष्ट्राध्यक्षांनी आधी दिला होता. २०२१ चा कायदा आला तोवर त्यांतल्या बऱ्याच प्रस्तावांत पाणी घातलं गेलं होतं, आणि ते घालणाऱ्यांत उच्चशिक्षितांची कमतरता नव्हती.